शिकार साफ करताना हातमोजे: गरज की नखरे?

रानमांजर:
परवा आमच्यात यावरून चांगलीच जुंपली. एकाने हरणाचं पोट फाडायच्या आधी निळे नायट्राइलचे (पातळ कृत्रिम रबराचे) मोजे चढवले. दुसरा म्हणाला, "ऑपरेशनला चाललास काय?" सगळे हसले, मीही हसलो. नंतर हात धुताना अंगठ्याच्या नखाशेजारी सालटं निघालेलं दिसलं. साबण झोंबला आणि हसू गेलं.

माझं मत: मोजे घालावेत. ससा किंवा रानडुक्कर असेल तर त्यावर वादच नको. सशातून टुलारेमिया हा जिवाणूंचा आजार होतो आणि त्याचे १० ते ५० जंतूसुद्धा पुरतात. चिरेतून शिरले की तिथे व्रण होतो, मग काखेत गाठ, मग ताप. रानडुकरातून ब्रुसेलोसिस, हाही जिवाणूंचाच आजार. दोन्हींना नखाजवळची एवढीशी फट बास होते.

जुनं खोड:
असहमत. ४० वर्षं उघड्या हातांनी सोलतोय. छातीच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घालून श्वासनलिका कापायची असते, तेव्हा डोळ्यांना काही दिसत नाही. बोटंच डोळे. पातं कुठे आणि आपलं बोट कुठे, हे कातडीला कळतं, रबराला नाही. त्यात रक्ताने मोजा सुळसुळीत होतो. अन् मोजा घातला की माणूस निर्धास्त होतो. मोडलेल्या बरगडीचं टोक मोजा-बिजा जुमानत नाही.

कडूलिंब:
खोडसाहेब, त्या ४० वर्षांत जे ताप आले, त्यातल्या किती तापांत रक्त तपासलंत? ब्रुसेलोसिस फ्लूसारखाच येतो: घाम, सांधेदुखी, येणारा-जाणारा ताप. तोही बहुधा २ ते ४ आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. तोवर डुक्कर कोणाच्या लक्षात राहतं! डॉक्टरला शिकारीचं सांगितलंच नाही, तर तो कशाला त्या दिशेने बघेल?

निसटण्याचं म्हणाल तर तो मापाचा प्रश्न. एक नंबर मोठा घेतला की बोटाच्या टोकाला चुणी पडते. खरखरीत पृष्ठाचा, घट्ट बसणारा घ्या. ज्या हातात सुरी नाही, त्यात आतून न कापला जाणारा विणलेला मोजा आणि वर नायट्राइल. बरगडीचा मुद्दा बऱ्यापैकी निकालात.

भांडखोर:
सगळे स्वतःच्या हाताबद्दलच बोलताय. मांसाचं काय? गुदद्वाराभोवती कापून आतडं बांधलं, आणि त्याच मोज्याने मागची मांडी धरली, तर त्यापेक्षा उघडा हात परवडला! उघड्या हाताला घाण लागलेली जाणवते, माणूस धुतो. मोज्याला किळस येत नाही. ओझडी (जनावराच्या पोटाची पिशवी) फुटली की मोजे बदलायचे, नाहीतर घालूच नका. मी तीन जोड्या घेऊन जातो. (हसा खुशाल.)

जुनं खोड:
हे पटलं. पण मोजे म्हणजे कवच नव्हे, हेही लिहा की कोणीतरी. डुकरातला ट्रायकिनेला हा जंत कच्च्या मांसातून पोटात जातो, त्याला मोजा काय करणार? मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजवा. आणि त्या 'झिजून मरणाऱ्या हरणांच्या' रोगाची फार भीती घालतात, तो माणसाला झाल्याचं सिद्ध झालंय का?

रानमांजर:
नाही. तो रोग, म्हणजे सीडब्ल्यूडी, १९६७ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बंदिस्त हरणांच्या कळपात पहिल्यांदा दिसला. माणसाला झाल्याचं एकही प्रकरण अजून पक्कं ठरलेलं नाही. पण त्याचा प्रायॉन (रोग पसरवणारं बिघडलेलं प्रथिन) शिजवून मरत नाही, म्हणून तो रोग असलेल्या भागात मेंदू आणि मज्जारज्जूला हात लावू नये आणि मोजे घालावेत असं सांगतात. घाबरायचं कारण नाही, मीही त्यावर भर दिला नव्हता. माझा मुद्दा ससा आणि डुक्कर.

जुनं खोड:
बरं, सशाला घालीन. हरणाला नाही. आणि वापरलेले मोजे रानात फेकणाऱ्यांना आधी आवरा, मग मला शिकवा.

रानमांजर:
मान्य! एक उलटा काढायचा, तो दुसऱ्यात गुंडाळायचा, पिशवीत टाकायचा आणि लगेच साबणाने हात धुवायचे. फक्त सुरी पुसून होईपर्यंत मोजे काढू नका. ते सालटं म्हणालो ना, ते आतडी काढताना गेलं नव्हतं. सगळं आवरल्यावर, गप्पा मारत पातं पुसताना गेलं होतं.