बोटांना आठवतं, डोक्याला नाही: तुमचे असे अनुभव लिहा

परवा मुलाने विचारलं, बाबा तुमच्या फोनचा पिन काय? मला सांगताच येईना. अंगठा बरोब्बर चार ठिकाणी जातो, पण आकडे विचारले की डोकं कोरं. शेवटी हवेतच अंगठा फिरवला आणि एकेक आकडा काढून दिला, पोरगं हसून लोळायचं बाकी होतं. तेव्हापासून किडा वळवळतोय की मग हे साठवलेलं असतं कुठे? तुमच्या बाबतीत असं काही झालंय का, शिकताना, शिकवताना, मोबाइल आल्यावर. लहानमोठं काहीही चालेल, लिहा.

खडूफळा
धागा आवडला. मी मराठी टायपिंगची ३० ची परीक्षा दिलेली, त्याला आता वीस वर्षं होतील. आज कुणी विचारलं 'घ' कुठल्या बटणावर तर शपथेवर सांगता येणार नाही, पण 'घर' टाइप कर म्हणा, झालं सुद्धा. यावरून हेन्री मोलेसन आठवला. १९५३ मध्ये फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूचं ऑपरेशन केलं, दोन्ही बाजूचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भाग, बराचसा गेला, आणि त्यानंतर नवीन काही लक्षातच राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. तीन दिवसांत हात मस्त बसला, पण आपण हे आधी केलंय हेच त्याला आठवायचं नाही! म्हणजे हाताचं खातं वेगळं आणि आठवणींचं वेगळं.

दुसरी_ब
मी प्राथमिकला शिकवते. पंचवीस सांगितलं की निम्मी पोरं ५२ लिहितात, कारण कानावर आधी 'पंच' पडतं ना. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ, केवढे विनोद. मीही हसलेले. मग वर्गात करून पाहिलं, दोन्ही म्हणवून घेतलं, आणि उलटे आकडे खरंच कमी झाले. माझ्याच वर्गापुरतं सांगतेय हं, भांडायला येऊ नका.

परदेशी_पाहुणा
जर्मन शिकतोय. पहिले सहा महिने शब्दांची वही रंगीत पेनांनी नुसती वाचायचो, वाटायचं येतंय सगळं, आणि क्लासमध्ये बाईंनी उभं केलं की नामाआधी लिंगानुसार डेर लावायचं का डी का डास, सगळं गुल. मग अंकी नावाचं ॲप घेतलं. ते शब्द दाखवतं, उत्तर आपण आठवायचं, आठवलं तर तोच शब्द चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी, असा लांबत जातो. चुकला की पुन्हा जवळ. एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून छापलेलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर गळतं आणि मग गळती मंदावते. बिचाऱ्याने त्यासाठी निरर्थक अक्षरं घोकली, आमच्या शाळेत इतिहासाच्या सनावळ्या होत्या, फरक फारसा नाही. गंमत म्हणजे ॲपवर आठवताना त्रास होतो, चिडचिड होते, आणि तेच शब्द टिकतात. वहीत सगळं गुळगुळीत वाटायचं ते गेलं.

मीटर_डाऊन
वडील रिक्षा चालवायचे, त्यांना पेठांमधले बोळ तोंडपाठ. मी मॅप लावून चालवतो, चार वर्षं झाली, नेट गेलं की माझी दाणादाण. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना चेरिंग क्रॉसभोवतीचे २५ हजारांच्या आसपास रस्ते पाठ करावे लागतात, आणि २००० मध्ये त्यांचे मेंदू स्कॅन केले तर हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. आता दुपारी भाडं नसलं की मॅप बंद ठेवून हिंडतो. दोनदा त्याच विहिरीपाशी येऊन थांबलो.

साडेबावीस
आमची आजी ९१ ची. चहा झाला का हे तासात तीनदा विचारते. भाजीवाला म्हणाला नऊ रुपये पाव, अडीच किलो घ्या, मी मोबाइल काढेपर्यंत आजी आतून ओरडली, नव्वद! विचारलं कसं, तर म्हणे नवा चोक छत्तीस, छत्तीस अडीच नव्वद, अडीचकी शिकवली नाही का तुम्हाला? नाही शिकवली.

धागाकर्ता
भारी लिहिताय सगळे. माझं अपडेट: मुलाला कळला म्हणून पिन बदलला. अंगठा अजून जुन्याच घरी जातो, आज दोनदा '३० सेकंद थांबा' आलं.