काकपद

'काकपद' या शब्दाविषयी विचारायचं आहे. आमच्या म्हार्दोळच्या घरी आजोबांची भजनाची वही आहे, सगळी टाकाने लिहिलेली. एका अभंगात 'नाम' हा शब्द उतरवायचा राहून गेला, तेव्हा त्यांनी ओळीखाली छपरासारखी छोटी खूण केली आणि वर बारीक अक्षरांत 'नाम' घातलं. खुणेची डावी रेघ चढताना केसाएवढी, उजवी उतरताना जाड, आणि तिच्या टोकाला शाईचा थेंब साचून वाळलेला. अभंग राहिला बाजूला, मी ती खूणच बघत बसलो. या खुणेला कावळ्याचाच पाय का म्हणायचं? दुसरा शब्द आहे का?

*

पावसाळा सरला की अंगण नव्याने सारवतात. त्या ओल्या शेणावरून कावळा चालून जातो, ते ठसे आठवा. तीच फाकलेली बोटं. दुसरा शब्द आहे हंसपद. शेजारी कन्नडमध्ये 'हंसपाद' म्हणतात. मला कावळाच जवळचा वाटतो. हंस पोथीतला, कावळा दारातला.

जुन्या पोथ्यांत राहिलेला मजकूर मोठा असला तर तो समासात लिहीत आणि शेजारी ओळीचा आकडा घालत. नको असलेल्या अक्षरावर हरताळ, म्हणजे पिवळं खनिज, फासत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथलाच. हरताळाखाली चूक दडते. काकपदात ती उघडी राहते, लिहिणारा कुठे अडखळला ते दिसतं, आणि तुमचे डोळे तिथे खिळले ते मला अगदी पटतं. टाकाची जीभ दाबाने फाकते म्हणून उतरती रेघ जाड येते. त्या रेघेत आजोबांच्या हाताचा दाब आहे.

अजून एक. रत्नपरीक्षेत हिऱ्याचे पाच दोष सांगतात, त्यांतल्या एकाचं नावही काकपद. हिऱ्यात ते दिसलं की मोल उतरतं. कागदावर त्यानेच ओळ पुरी होते!

*

हिऱ्याचं ठाऊक नव्हतं. वही पुन्हा काढली. शेवटच्या पानांत एके ठिकाणी काकपद आहे, पण वर शब्दच नाही. आईला ती ओळ म्हणायला सांगितली, तर त्या जागी ती 'सखया' म्हणाली. पेन्सिलीने लिहावं की जागा तशीच ठेवावी, ठरत नाही.