‘आशा वाटणे’ आणि ‘आशा धरणे’

विचारणा

आमच्या आत्याबाई गेल्या महिन्यात ख्रिस्तवासी झाल्या. सांत्वनाच्या उपासनेसाठी एक लहानसे स्मरणपत्रक छापावयाचे आहे आणि त्याचा मजकूर माझ्याकडे आहे. ‘पुनरुत्थानाच्या दिवशी त्यांची पुन्हा भेट होईल, अशी आम्हांला आशा वाटते’ असे वाक्य मी लिहिले होते. आमच्या पाळकसाहेबांनी ‘वाटते’ खोडून ‘अशी आशा आम्ही धरून आहोत’ असे केले. मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्या माझ्या चुलतभावाचे म्हणणे असे की, ‘आशा धरणे’ ही मिशनरी साहेबांनी घडवलेली मराठी आहे. शुद्ध मराठीत आशा ‘वाटते’ किंवा फार तर ‘बाळगली’ जाते. यात कोणाचे बरोबर?

दुसरा प्रश्न पत्रकावर घ्यावयाच्या वचनाविषयी आहे. पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील ‘ज्यांना आशा नाही अशा बाकीच्या लोकांसारखा तुम्ही खेद करू नये’ हे वचन सुचवले गेले आहे. धाकट्या आत्याबाईंना मात्र ते वाचून वाईट वाटले. ‘म्हणजे आम्ही रडायचेही नाही का?’ असे त्यांनी विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

उत्तर

प्रथम आपल्या बंधूंच्या आक्षेपाविषयी. ‘धरणे’ या क्रियापदाला मनोवृत्ती जोडणे ही मराठीची जुनी, घरची रीत आहे. आपण धीर धरतो, हट्ट धरतो, राग धरतो, भीड धरतो. त्याच पंक्तीत ‘आशा धरणे’ बसते. तिला परकी ठरवण्याचे कारण मला दिसत नाही. मराठी बायबलाची भाषा सगळी साहेबी, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मुळातून मराठीत आणले, तेही केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना कळेल अशा बोलीत आणण्याच्या हट्टाने. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ 1880 साली गेला, पती 1882 साली गेले, आणि भाषांतर शेवटच्या टप्प्यात असताना, जुलै 1921 मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले, त्याआधी थोडेच दिवस ते पुरे झाले होते. अशा बाईने शब्द निवडताना ते नुसते कोशात पाहून निवडले असतील, असे मला वाटत नाही.

आता मूळ भेद. ‘मला आशा वाटते’ या रचनेत ‘मला’ चतुर्थीत आहे. भीती, लाज, दया यांच्याप्रमाणेच आशा येथे न बोलावता मनात येते आणि तशीच निघूनही जाते. ‘मी आशा धरतो’ या रचनेत मात्र ‘मी’ कर्ता आहे. याची साधी परीक्षा आज्ञार्थाने घेता येते. ‘धीर धर’ म्हणता येते, ‘आशा धर’ म्हणता येते. ‘आशा वाट’ असे मराठीत म्हणताच येत नाही, कारण वाटण्यावर कोणाचा हुकूम चालत नाही. बेचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता स्वतःच्याच जिवाला विचारतो की, तू का खिन्न झालास, आतल्या आत का तळमळत आहेस. आणि लगेच त्याला सांगतो, ‘देवाची आशा धर’. त्या क्षणी त्याला आशा वाटत नाही, हे तर उघडच आहे. वाटत असती, तर जिवाला बजावून सांगण्याची वेळ आली नसती. ‘वाटणे’ हे एकच क्रियापद हाताशी असते, तर हे वाक्य मराठीत उतरलेच नसते. पाळकसाहेबांनी केलेली दुरुस्ती याच कारणाने मला योग्य वाटते: दुःखाच्या घरात कोणाला काय वाटते, याचा भरवसा नसतो, पण धरलेले धरून ठेवता येते. (‘बाळगणे’ व्याकरणाने चालेल, तथापि माणूस अभिमान बाळगतो, वैर बाळगतो, पाळीव जनावर बाळगतो, आणि त्या शब्दात जपून ठेवण्याचा अर्थ आहे, बुडताना घट्ट पकडण्याचा नाही.)

षष्ठीकडेही लक्ष द्यावे. रोजच्या बोलण्यात जी वस्तू हवी असते तिची आशा असते: नोकरीची, पैशाची, पावसाची. ‘परमेश्वराची आशा धरून राहणारे’ या यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातील प्रयोगात षष्ठी तीच आहे, पण परमेश्वर ही मिळवावयाची वस्तू नाही. ज्याच्यावर भिस्त ठेवून वाट पाहावयाची, तो तो आहे. तेथील हिब्रू क्रियापदाचा अर्थ वाट पाहणे असाच आहे. आशा या अर्थाचा हिब्रू शब्द ‘तिक्वा’ त्याच धातूकडे नेला जातो, आणि गंमत अशी की, यहोशवाच्या पुस्तकात राहाब आपल्या खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते, त्या दोरीलाही हिब्रूत ‘तिक्वा’च म्हटले आहे. दोन्ही अर्थांचा उगम एकच आहे की नाही, यावर पंडितांनी वाद घालावा. पण दोरी म्हटली की ती धरावी लागते, एवढे मराठी माणसाला सांगावे लागत नाही.

येथे एक अडचण मात्र कबूल केली पाहिजे. मराठी कानाला ‘आशा’ हा शब्द पूर्णपणे चांगला कधीच नव्हता. गीतेच्या सोळाव्या अध्यायात शेकडो आशापाशांनी बांधलेली माणसे आसुरी संपत्तीची म्हणून वर्णिली आहेत. आशा ही अशी विलक्षण बेडी आहे की, जिने बांधलेले धावतात आणि जिच्यातून सुटलेले पांगळ्यासारखे बसून राहतात, हे सुभाषित आमच्या पिढीने शाळेत पाठ केले आहे. ‘आशाळभूत’, ‘वेडी आशा’, ‘आशेला लागणे’ ही सगळी त्याच घरातली. त्या मानाने ‘आस’ अधिक भाग्यवान. तुकोबांची भेटीसाठी लागलेली आस कोणी बेडी मानत नाही. मग भाषांतरकारांनी ‘आस’ का घेतला नाही? माझ्या मते, ‘आस’ही ‘लागते’, म्हणजे पुन्हा ती न बोलावता येते. त्यांना धरता येईल असा शब्द हवा होता. परिणामी ‘आशा’ या शब्दाचा ख्रिस्ती मराठीत जो अर्थ रूढ झाला, तो बाहेरच्या मराठीहून काहीसा निराळा आहे, आणि आपल्या बंधूंना खटकले ते याच सीमेवर.

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात हा निराळा अर्थ उघड दिसतो. तेथे क्रम असा आहे: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. व्यवहारात आपण हे उलटे मांडतो. आशा असली तर धीर राहील, असे म्हणतो. पौलाच्या साखळीत आशा शेवटी येते, सोसून झाल्यावर. त्यापुढचे ‘आशा लाजवत नाही’ हे तीन शब्द तर नीट थांबून वाचावेत. नव्या वाचकांना हे चमत्कारिक वाटते, म्हणून कोणी ‘आशा निराश करत नाही’ असे सोपे करून सांगतात. पण त्याने वाक्य बेचव होते, कारण आशा आणि निराशा यांची ती नुसती शब्दांची फिरवाफिरव ठरते. मूळ कल्पना स्तोत्रांमधली आहे: ज्याच्या भरवशावर चारचौघांत उभे राहिलो, त्याने ऐनवेळी हात सोडला, तर फजिती होते. आपल्या बोलीत यासाठी ‘तोंडघशी पाडणे’ हा नेमका प्रयोग आहे. आशा तोंडघशी पाडत नाही, असा त्याचा अर्थ. पोप फ्रान्सिस यांनी 2025 हे पवित्र वर्ष जाहीर करणाऱ्या पत्राला याच वचनाचे लॅटिन शब्द शीर्षक म्हणून दिले होते.

आपल्या धाकट्या आत्याबाईंचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर ‘सारखा’ या एका शब्दात आहे. ‘तुम्ही खेद करू नये’ येथे वाक्य थांबत नाही. नकार ‘बाकीच्या लोकांसारखा’ या विशेषणाला लागतो, खेदाला नाही. ‘परक्यासारखा वागू नकोस’ असे आपण म्हणतो, तेव्हा वागणेच बंद कर असे कोणी समजत नाही. घोळ होतो तो वाचण्याच्या लयीमुळे: लांबलचक विशेषणवाक्य संपेपर्यंत वाचकाचा श्वास संपतो आणि कानात ‘खेद करू नये’ एवढेच उरते. लाजाराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, हे त्यांना अवश्य सांगावे. पत्रकावर मात्र हे वचन न घेतलेले बरे, कारण ते समजावून सांगण्यास तेथे कोणी उभे नसेल. मत्तयाच्या अकराव्या अध्यायातील ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन’ हे वचन अधिक सोयीचे होईल. ‘विसावा’ हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. डोक्यावरचा भारा उतरवून घटकाभर टेकणे, हे त्यात आपोआप येते.

पुरवणी, वसईहून

वरील उत्तरात इब्री लोकांस पत्रातील ‘नांगर’ राहून गेला, तो येथे जोडतो. त्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कोळ्यांना त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. वारा सुटला की होडी जागेवर ठेवणारा, पाण्याखाली जाऊन दिसेनासा होणारा, पण दोर ताणलेला असेपर्यंत धरून आहे असे कळणारा तो नांगर. रोममधल्या भुयारी दफनभूमीत, विशेषतः प्रिस्किलाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भुयारात, सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी थडग्यांवर हेच चिन्ह कोरलेले आहे. पण मराठीत शेतीचे औतही ‘नांगर’च. देशावरच्या एका गावी मी असे प्रवचन ऐकले आहे की, नांगर जशी कठीण जमीन फोडतो, तशी आशा दुःखाने कठीण झालेले मन फोडून पेरणीस तयार करते. त्या वचनाचा अर्थ हा नव्हे. तेथे टिकून राहणे अभिप्रेत आहे, फोडणे नाही. तरी त्या वक्त्याला हसण्याची माझी छाती झाली नाही, कारण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात नांगरणाऱ्याने आशेने नांगरावे असे पौलच म्हणतो. वचन त्याने चुकीचे घेतले होते, एवढेच.

आणखी एक बारीक गोष्ट. आमच्याकडच्या कॅथलिक लेखनात ‘विश्वास, आशा, प्रीती’ याऐवजी ‘श्रद्धा, आशा, प्रीती’ असेही आढळते. पहिला शब्द बदलतो, तिसऱ्याच्या जागी क्वचित ‘प्रेम’ही येतो, मधली आशा कोणी हलवलेली नाही.

विचारणाऱ्याचा प्रतिसाद

आपणा दोघांचेही आभार. ‘धरून आहोत’ हेच कायम केले आहे आणि वचन ‘विसावा देईन’ हे घेतले आहे. ‘सारखा’ या शब्दाचे स्पष्टीकरण धाकट्या आत्याबाईंना वाचून दाखवले. त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचावयास सांगितले आणि मग, इतक्या दिवसांत प्रथमच, सर्वांसमोर रडल्या. बंधूंनी मुद्रिते तपासली. ‘धरून’ला हात लावला नाही, फक्त मी ‘तुम्हाला’ लिहिले होते, तेथे अनुस्वार दिला.