छायाचित्रकाराच्या सहायकाने बिल कोणाच्या नावे आणि कसे करावे?

प्रश्न
पुण्यात मी स्वतंत्र छायाचित्रकारांकडे दिवसाच्या दराने सहायकाचे काम करतो. लग्नसराईत डीपी रोडवरच्या लॉन्सवरील कामाचे पैसे त्याच रात्री हातात पडत असल्याने बिलाचा प्रश्न कधी आला नव्हता. आता मात्र चाकणच्या एका कारखान्यातील शूटनंतर, ज्यांनी मला बोलावले त्या छायाचित्रकारांच्या हिशेबनिसांनी जीएसटी क्रमांकासह बिल मागितले आहे. माझी नोंदणी नाही. बिल कारखान्याच्या नावे करायचे की छायाचित्रकारांच्या, आणि शूट रात्रीपर्यंत लांबले त्याचे जादा पैसे लावता येतील का?

कर सल्लागार, सदाशिव पेठ
ज्यांनी काम सांगितले त्यांच्याच नावे. कारखान्याशी आपला व्यवहारच झालेला नाही. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा सक्तीची नसते, आणि नोंदणी नसताना बिलात हा कर लावताच येत नाही. तेव्हा ‘जीएसटी नोंदणी नाही’ एवढे बिलावर लिहावे. पॅन मात्र अवश्य द्यावा. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर, कापला गेला तर तो पॅनवर नोंदला जातो आणि विवरणपत्र भरताना देय करातून वजा होतो.

छायाचित्रकार, कोथरूड
नुसते ‘सहायक, 2 दिवस’ असे लिहिलेले बिल हिशेबनिसांच्या टेबलावर हमखास अडते. तारीख, ठिकाण, पोहोचल्याची आणि पॅकअपची वेळ लिहा. टोल, फ्लॅश ट्रिगरचे सेल, वायरी चिकटवायची गॅफर टेप असा खिशातून केलेला खर्च मानधनात न मिसळता वेगळ्या ओळीत दाखवा आणि पावत्या जोडा. जादा तासांचा दर आधी ठरला नसेल, तर तो बिलात परस्पर घालू नका. आधी फोन करून विचारा. एकदा होकार मिळाला की व्हॉट्सॲपवर तसा संदेश घ्या, म्हणजे तेच हिशेबनीस पुन्हा विचारणार नाहीत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पैसे किती दिवसांत मिळायला हवेत?

कर सल्लागार, सदाशिव पेठ
उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांना 2006 च्या कायद्यानुसार, लेखी करार नसल्यास 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. नोंदणी विनामूल्य आहे. पण ती सहसा कामाच्या आधीची लागते, त्यामुळे या बिलासाठी तिच्यावर विसंबू नका. सध्या बिलावरच देय तारीख घाला आणि ती उलटल्यावर थेट हिशेबनिसांनाच ईमेल करा.