टोपीची मागची पट्टी टोचते, काय बदलू?

प्रश्न: कॉटन ट्विलची टोपी शिवतोय, माप ५५ ते ६० सेंमी. मागे प्लॅस्टिकच्या बटणांची पट्टी आहे. तासाभरात कपाळावर वळ उठतो. वेल्क्रो लावू का?

उत्तर १: वेल्क्रो नको. हुकांत केस नि धागे अडकतात, मग पकड जाते. बटणांत एक खाच सैल, पुढची घट्ट. मधलं माप मिळतच नाही. २० मिमीची कापडी पट्टी आणि सरकती बकल घ्या. बकलखाली कापडाची जीभ हवीच, नाहीतर धातू मानेला घासतो.

उत्तर २: वळ मात्र मागच्या पट्टीने नव्हे, आतल्या घामपट्टीने उठतो. सरळ कापलेलं कापड ताणत नाही. ७ सेंमीची उरेब, म्हणजे विणीला तिरपी पट्टी कापून दुमडा. जोड कपाळावर अजिबात नको, मागे घ्या. मुंबईच्या दमटपणात आत फोम घालू नका, घाम धरून ठेवतो. मंगलदास मार्केटात मऊ सुती कापड मिळेल, आधी धुऊन आटवा.

प्रश्नकर्ता: उरेब शिवताना चुण्या पडतायत.

उत्तर २: पट्टी ओढताय. मशीनला स्वतःहून सरकू द्या, दर ३ सेंमीला टाचणी लावा.