तोंडी ठरलेला व्यवहार कोर्टात टिकतो का? कागद नेमका कुठे लागतोच?

कृष्णाकाठ (प्रश्न):
"लिहून घेतलं नाही म्हणजे हातात काहीच नाही" असं एक जण सांगतो आणि "शब्द दिला, पैसे दिले, करार झाला" असं दुसरा. दोघंही छातीठोकपणे. म्हणून चार उदाहरणं ठेवतो, सगळी महाराष्ट्रातली.

(अ) साताऱ्याजवळ बिनशेती प्लॉट. भाव २४ लाख ठरला, २ लाख इसार यूपीआयने दिला. इसारपावती केलेली नाही. भाव, क्षेत्र, "दिवाळीनंतर खरेदीखत" हे सगळं व्हॉट्सअॅपवर आहे. मालक आता म्हणतो, कागद दाखवा.
(आ) पुण्यात फ्लॅट ११ महिन्यांसाठी भाड्याने. "वर्षाच्या आत आहे, नोंदणीची गरज नाही" म्हणून एजंटने ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून दिली.
(इ) हातउसने ३ लाख, ५ एप्रिल २०२२ रोजी बँकेतून दिलेले. परतीची तारीख ठरली नव्हती. घेणारा अजून तोंडाने "देतो" म्हणतो.
(ई) त्याच उसनवारीला त्याच्या मेहुण्याने "मी जामीन" असं तोंडी म्हटलं होतं.

यातलं काय टिकेल?

कलम दहा:
आधी एक गाठ सोडवू. करार वैध आहे का, तो सिद्ध करता येतो का, आणि त्याचा कागद कोर्ट पुराव्यात वाचेल का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. लोक तिन्हीची खिचडी करतात.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १० मध्ये कराराला राजीखुशीची संमती, सज्ञान आणि शहाण्या मनाचे पक्ष, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश एवढंच लागतं. लेखी असण्याची अट त्यात नाही. मात्र त्याच कलमाच्या शेवटी म्हटलंय की दुसऱ्या एखाद्या कायद्याने लेख, साक्षीदार किंवा नोंदणी सक्तीची केली असेल तर तो कायदा लागू राहील. म्हणजे नियम तोंडीचा आणि अपवाद इतर कायद्यांत विखुरलेले. इंग्लंडचा १६७७ चा फसवणूकविरोधी कायदा वाचून आलेली मंडळी इथे हमखास घसरतात. तशी एकत्र यादी आपल्याकडे नाही.

तुमचा (अ). जागेच्या विक्रीचा करार तोंडी होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ब्रिजमोहन विरुद्ध सुग्रा बेगम या निकालात हे स्पष्ट म्हटलंय, पण तोंडी कराराचा दावा करणाऱ्यावर पुराव्याचा मोठा भार असतो हेही तिथेच सांगितलंय. "कागद दाखवा" एवढ्यावर मालक सुटत नाही. पण तुम्हाला पुढच्या गोष्टी एकेक करून दाखवाव्या लागतील: कोणता प्लॉट (गट नंबर, प्लॉट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा), भाव किती, बाकी कधी द्यायची, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च कोणाचा, ताबा कधी. यातला एखादा मुद्दा "नंतर बघू" असा राहिला असेल तर समोरचा वकील म्हणणार, ही बोलणी होती, करार नव्हता. आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

सातबारा किंवा मिळकतपत्रिका आज काढा. तिथे तीन नावं असतील आणि चॅट एकाशीच झालं असेल, तर बाकी दोघांना तो करार बांधत नाही, जोवर त्यांनी त्याला अधिकार दिल्याचं दिसत नाही. असले दावे सहसा इथेच कोसळतात.

पुढचं: पहिल्या दिवसापासून तुम्ही बाकीचे २२ लाख द्यायला तयार आणि समर्थ होतात हे सिद्ध करावं लागतं. बँकेची शिल्लक, कर्जमंजुरीचं पत्र, ठेवींच्या पावत्या जमवा. करारपूर्तीच्या दाव्याला मुदत ३ वर्षं, ठरलेल्या तारखेपासून. "दिवाळीनंतर" ही नेमकी तारीख नाही, म्हणून नकार केव्हा कळला तिथून मोजतात, पण त्यावर वाद होणारच. वकिलामार्फत नोटीस लगेच द्या. आणि दाव्यात पर्यायी मागणी म्हणून इसार परत मिळावा हेही लिहा. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ते मागितलं नसेल तर कोर्ट आपणहून देत नाही.

एक मात्र पक्कं: करार तोंडी चालतो, मालकी तोंडी जात नाही. १०० रुपये किंवा त्यावरच्या किमतीची जागा फक्त नोंदणीकृत खरेदीखतानेच विकली जाते, मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५४. साठेखताने (पुढे विकण्याच्या कराराने), लेखी असो वा तोंडी, जागेत हक्क निर्माण होत नाही. आणि नुसत्या ताब्याच्या जोरावर बचाव घ्यायचा (कलम ५३अ), तर लेखी, सही असलेला आणि २४ सप्टेंबर २००१ नंतरचा असेल तर नोंदणीकृत करार लागतो. तोंडी व्यवहारावर प्लॉटला कुंपण घालून बसलेल्यांना हे संरक्षण नाही.

दस्त-दप्तर:
(आ) वर बोलतो, कारण "११ महिने" हा महाराष्ट्रातला सगळ्यात टिकाऊ गैरसमज आहे.

केंद्राच्या कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून ११ महिन्यांची टूम निघाली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ वेगळं आहे. लिव्ह अँड लायसन्स असो की भाडेकरार, मुदत कितीही असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खटले क्वचित होतात, पण खरी मेख पुढे आहे: नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. भाडेकरू म्हणाला "डिपॉझिट २ लाख दिलं, भाडं १२ हजार ठरलं", तर ते खोटं पाडण्याचं काम मालकाचं.

शिवाय मुदत संपल्यावर घर रिकामं करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडचा जलद मार्ग (कलम २४) आणि दुप्पट दराने भरपाई मिळते, ती लेखी कराराच्या आधारावर. नोटरीचा कागद घेऊन तिथे गेलात तर पहिल्याच तारखेला प्रश्न येतो. नोटरी सही ओळखते, नोंदणी करत नाही. गोल शिक्का पाहून फसू नका. (गोव्याला हे कलम लागू नाही, तिथला भाडे कायदा वेगळा.)

खर्च पाहिलात तर टाळण्यासारखा नाहीच. मुद्रांक एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज या बेरजेच्या ०.२५ टक्के. भाडं २०,०००, डिपॉझिट १ लाख, मुदत १२ महिने धरली तर २,४०,००० अधिक १०,००० म्हणजे २,५०,०००, त्याचे ६२५ रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन ई-नोंदणी घरबसल्या होते, आधार आणि अंगठ्याचं यंत्र लागतं. एजंट जे जास्तीचे मागतो ते त्याच्या फेऱ्यांचे.

मुद्रांकाबद्दल दोन गोष्टी. महाराष्ट्रात विकत घेतलेला स्टॅम्प ६ महिन्यांत वापरला नाही तर बाद. घरात पडलेल्या जुन्या स्टॅम्पवर मागची तारीख टाकून करार करणारे नसती आफत ओढवून घेतात. आणि कमी मुद्रांकाचा कागद कोर्ट पुराव्यात घेत नाही. आधी कमी पडलेली रक्कम आणि तिच्यावर दरमहा २ टक्क्यांनी दंड भरा, मग वाचू म्हणतं. हे मूळ कागदालाच शक्य आहे. मूळ हरवला आणि झेरॉक्स उरली तर दंड भरूनही ती चालत नाही.

कृष्णाकाठ:
आभार. (अ) मध्ये मालकाला गोड बोलून आता इसारपावती करून घ्यावी का? आणि व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, ते पुरतील ना?

दस्त-दप्तर:
सही देत असेल तर जरूर घ्या. खरी तारीख घाला; "पूर्वी अमुक तारखेला तोंडी ठरलं, अमुक यूपीआय क्रमांकाने २ लाख मिळाले" असं लिहा. मागची तारीख टाकायला कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पावतीत "ताबा दिला" किंवा "ताबा देणार" असं सहज लिहू नका: त्या शब्दांवर साठेखताला खरेदीखताइतका मुद्रांक लागतो (पुढे खरेदीखताला वजावट मिळते, पण आत्ता पैसे जातात). नुसता इसार दिला म्हणून करार नोंदवावाच लागतो असं नाही, पण नोंदवला तर शोध घेणाऱ्या पुढच्या ग्राहकाला तो दिसतो, आणि तुम्हाला तेच हवंय. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे सादर करा.

हॅश आणि पुरावा:
स्क्रीनशॉट पुरत नाहीत.

चॅटने करार होऊ शकतो; ईमेलवरच्या देवाणघेवाणीतून पक्का करार झाल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत निकालात मानलंय, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं की केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून करार रद्द ठरत नाही. अडचण सिद्ध करण्याची.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. छापील प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग: एक ज्याच्या ताब्यात फोन होता त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलचा अंकी ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहायचं असतं. हे प्रमाणपत्र ऐच्छिक नाही, हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब बाबत २०२० साली खोतकर विरुद्ध गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात ठरलंय.

तेव्हा हे करा: फोन विकू नका, फॅक्टरी रिसेट नको, आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद करा. चॅट मीडियासह एक्स्पोर्ट करा, ती झिप फाइल उघडून बदलू नका, शा-२५६ हॅश काढून त्याच दिवशी स्वतःला ईमेल करा. समोरच्याचा नंबर संपर्कात "प्लॉटवाला" असा सेव्ह असेल तर नावाच्या आड नंबर झाकला जातो. प्रोफाइल उघडून नंबर दिसेल असा एक फोटो घ्या. व्हॉइस नोट वेगळ्या जपा. आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट नको, बँकेकडून शिक्क्यानिशी खातेउतारा घ्या, त्यात व्यवहार क्रमांक असतो. "इसार" असा शेरा पैसे पाठवताना टाकला असेल तर तुमचं नशीब चांगलं.

मुदतीचा हिशोब:
(इ) ची बातमी वाईट आहे. हातउसने वैध आहेत, त्याला कागद लागत नाही, बँकेचा उतारा भक्कम पुरावा. पण परतीची तारीख नसलेल्या कर्जाची मुदत पैसे दिल्या दिवसापासून ३ वर्षं, मागितल्या दिवसापासून नाही. ती ५ एप्रिल २०२५ ला संपली. तोंडी "देतो" ने ती एक दिवसही वाढत नाही.

मुदत चालू असताना त्याने सहीनिशी "३ लाख देणं आहे" एवढं लिहून दिलं असतं तर त्या दिवसापासून नवी ३ वर्षं मिळाली असती (मुदत कायदा, कलम १८). मुदत गेल्यावर तेच वाक्य कुचकामी. आता लागतं करार कायद्याच्या कलम २५(३) चं वचन: लेखी, सही असलेलं, आणि त्यात देण्याची नुसती कबुली पुरत नाही, फेडण्याचा शब्द हवा. उदाहरणार्थ: "५ एप्रिल २०२२ रोजी घेतलेले रु. ३,००,००० मी अमुक तारखेपर्यंत परत देईन." त्याला वेगळा मोबदला लागत नाही. मेसेजवर भिस्त ठेवू नका, कागदावर सही घ्या. पुढच्यांसाठी: दर हप्ता चेकने घ्या. मुदतीतला अंशतः भरणा मुदत वाढवतो, पण तो देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीत दिसला पाहिजे. सहीशिवाय नुसता रोख हप्ता घेतला तर वाढ नाही. शिवाय २०,००० किंवा त्याहून मोठी उसनवारी रोखीत घेणं प्राप्तिकर कायद्यात दंडाला पात्र.

कलम दहा:
(ई) बाकी राहिलंय. इंग्लंडात जामिनकी लेखी लागते, आपल्याकडे नाही. करार कायद्याचं कलम १२६ म्हणतं तोंडी किंवा लेखी. पण मेहुण्याने "मी जामीन" कधी म्हटलं? पैसे देण्याआधी, आणि त्यामुळे तुम्ही दिलेत, तर मोबदला आहे. पैसे देऊन झाल्यावर नुसतं म्हटलं आणि तुम्ही त्या बदल्यात काहीच केलं नाहीत, दावा थांबवला नाही की मुदत वाढवली नाही, तर ते वचन रद्द. कलम १२७ च्या उदाहरणातच हे दिलंय. साक्षीला कोण होतं, तेही बघा.

लेखी लागतंच अशा आणखी काही जागा, घाईत: लवादाचा करार; कॉपीराइटचं हस्तांतरण (काळ लिहिला नाही तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, लेखकांनो ऐका); जागेचं बक्षीसपत्र, नोंदणी आणि दोन साक्षीदारांसह; प्रेमापोटी जवळच्या नातेवाइकाला विनामोबदला दिलेलं वचन, लेखी आणि नोंदवलेलं; बिल्डरला फ्लॅटच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेण्याआधी रेराप्रमाणे (बिल्डरांच्या नियमनाचा कायदा) नोंदणीकृत करार. सरकारशी करार असेल तर संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे राज्यपालांच्या किंवा राष्ट्रपतींच्या नावाने, अधिकार असलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने. साहेबांनी फोनवर "काम सुरू करा" म्हटलं याला तिथे करार म्हणत नाहीत. केलेल्या कामाचे पैसे करार कायद्याच्या कलम ७० खाली मागावे लागतात, आणि तो लांबचा रस्ता आहे.

कृष्णाकाठ:
मिळकतपत्रिका काढली. दोन नावं आहेत, मालक आणि त्याची बहीण. चॅट फक्त मालकाशी.

कलम दहा:
मग नोटीस दोघांना पाठवा. बहिणीने त्याला कुलमुखत्यारपत्र दिलंय का, की इसारातला काही भाग तिच्या खात्यात गेलाय, ते शोधा. दोन्ही नसेल तर दावा त्याच्या हिश्श्यापुरता उरतो. अर्धा प्लॉट तुम्हाला चालणार आहे का, ते वकिलाकडे जाण्याआधी ठरवा.