मदत हवी आहे : सेनाधिकारी आजोबांच्या नेमणुकांची नोंद कुठे मिळेल?

पुण्यात स्थायिक झालेले माझे दिवंगत आजोबा आर्मी सर्व्हिस कोअरमधून ब्रिगेडिअर म्हणून निवृत्त झाले होते. १९७१च्या युद्धात, मेजर असताना, ते पूर्व आघाडीवर पुरवठ्याचे काम पाहत. त्यांच्या वहीत पीठ, केरोसीन आणि खेचरांचा दाणा यांचे हिशेब शिसपेन्सिलीने लिहिलेले आहेत, मात्र युनिटचे नाव कुठेही नाही. जवानांपर्यंत शिधा पोहोचवणाऱ्यांचे कामही नोंदले जावे, असे मला मनापासून वाटते. निवृत्तिवेतनाच्या आदेशात आयसी क्रमांक (सेनाधिकाऱ्याचा वैयक्तिक सेवा क्रमांक) आहे, नेमणुकांचा तपशील नाही; सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करून झाली आहे. आजी अर्जावर सही करू शकते, दिल्लीला जाऊ शकत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज सेना मुख्यालयातील नेमक्या कोणत्या शाखेकडे टपालाने पाठवावा आणि सोबत कोणती कागदपत्रे जोडावीत?